न विचारता बघायचं नाही

आत्या आली ती चपला काढायच्या आधीच माझ्या कुडत्याची बाही चिमटीत धरून.

"मिक्स हाय," पेरांत कापड चोळत तिने निकाल दिला. "सुती म्हणून गळ्यात मारलंय तुझ्या. कुठनं घेतलंस?"

"आत्या, आधी आत तरी ये."

"आलो की. आत येऊन कापड बदलणार हाय व्हय?"

आमच्या इचलकरंजीकडे बायकाही 'मी आलो, मी बसतो' असंच बोलतात, आणि समोरच्याच्या अंगावरचं कापड चिमटीत धरून बघणं हा इथे नमस्काराचाच एक प्रकार समजला जातो. गावच कापड विणणाऱ्या मागांचं, त्याला कोण काय करणार? पण इंदूआत्या त्यातही चार पावलं पुढे. ती अप्पांची थोरली बहीण, रेंदाळला दिलेली. घरात आली की पातेल्यांवरची झाकणं उचलायची, फ्रिज उघडायची, कपाटातल्या साड्यांचे पदर ओढून बघायची. माझ्या मावसभावाच्या लग्नात सप्तपदी चालू असताना तिने नवरदेवाचा शेला उलटा करून त्याची वीण बघितली होती. कुणी हटकलं तर तिचं उत्तर ठरलेलं. "बघितल्याबिगर कळतंय व्हय?"

आणि मला कुणी बघितलेलं अजिबात खपायचं नाही. एकाच घराण्यातल्या आत्या-भाच्या, पण एक पूर्वेला तर एक पश्चिमेला.

त्या रविवारी ती आली होती तीसुद्धा बघण्याच्याच कार्यक्रमाला. दुपारी चारला सांगलीचं स्थळ मला बघायला येणार होतं. आईने पोह्यांची तयारी मांडली होती. आणि मी माझ्या खोलीत, कानांना हेडफोन लावून, एक गड घ्यायच्या तयारीत बसले होते.

खेळाचं नाव 'सातगड'. ठिकठिकाणची माणसं आपापल्या कॉम्प्युटरवर बसून एकत्र येतात, पथक बांधतात आणि गड घेतात. कुणी ढाल घेऊन पुढे उभं राहतं, कुणी मागून बाण सोडतं. मी खेळात विणकर होते, नाव घेतलं होतं 'मागवाली'. माझ्या पथकाचं नाव 'ताणाबाणा' आणि त्याची प्रमुखही मीच. पथक काढलं तेव्हा मी नुकतीच विणायला शिकले होते आणि मोठ्या हौसेने माझं पहिलंवहिलं विणकाम सगळ्यांना वाटलं होतं. त्याचं पुढे कुणी काय केलं ते न विचारलेलंच बरं.

या खेळात एक सोय होती. दुसऱ्या कुणावर बोट ठेवून 'न्याहाळा' म्हटलं की त्याच्या अंगावर काय काय आहे ते सगळं दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं तुमच्यासमोर उघडं व्हायचं. त्याची तलवार कुठली, जोडे कसले, अंगठी खरी की फुसकी. वरून सगळ्या पथकाला एकसारखा लाल झगा, त्यामुळे न्याहाळल्याशिवाय आतलं काही दिसायचं नाही. आणि कुणी न्याहाळलं की त्या माणसाच्या पडद्यावर ओळ उमटायची, 'अमुक तुम्हाला न्याहाळत आहे.'

मी नवी होते तेव्हा वेशीवरच एका टोळक्याने मला घेरून न्याहाळलं होतं. एकापाठोपाठ एक ओळी, आणि मग हसणं. त्याच आठवड्यात घरी एका स्थळाबरोबर आलेल्या मावशीबाईंनी मला आधी चालून दाखवायला सांगितलं होतं, आणि मग वेणी सोडून दाखवायला. दोन्ही राग एकत्र झाले, आणि 'ताणाबाणा'चा पहिला नियम जन्माला आला. न विचारता कुणाचं बघायचं नाही. आधी 'बघू का' म्हणायचं, समोरचा 'नको' म्हणाला तर विषय संपला. नियम मोडेल तो पथकातून बाहेर. नियम कडक होता आणि मला त्याचा फार अभिमान होता.

"प्रमुख, या टायमाला डावीकडनं जाऊ का?" हेडफोनमधून आवाज आला.

"डावीकडून गेलात काय नि उजवीकडून गेलात काय, आग तीच," मी म्हटलं.

हा कोरडवाहू. खरं नाव समाधान गरड, राहणार बार्शी. ठिबक सिंचनाच्या दुकानात काम करतो आणि नाव घेतो कोरडवाहू, असला माणूस. आमच्या पथकाची ढाल तो. दोन वर्षं आम्ही रोज संध्याकाळी एकत्र खेळत होतो. तो मला 'प्रमुख' म्हणायचा आणि 'अहो-जाहो' करायचा. गड पडला की बाकीचे लुटीवर तुटून पडायचे, आणि हा विचारायचा, "प्रमुख, जेवलात का?" मला तो आवडत होता. आवडत होता म्हणजे चांगलाच आवडत होता. त्याच्या मनात काय आहे याचा मात्र दोन वर्षांत मला पत्ता लागला नव्हता, आणि विचारायचं तर जीभ टाळ्याला चिकटायची.

त्यातून आठवड्यापूर्वी त्याने सांगितलं होतं, "हा हंगाम संपला की मी थांबतो ओ. घरचे मुली बघायला लागलेत. रोजचं बसणं जमायचं नाही."

खेळाचा हा हंगाम त्या रविवारी संध्याकाळी संपणार होता. त्यानंतर तो आवाज काही माझ्या कानांवर पडणार नव्हता. म्हणून मीही मनाशी ठरवून टाकलं होतं, सांगलीच्या मुलाला जे नाक-डोळे असतील ते असोत, आपण 'हो' म्हणायचं. तोंड न उघडणाऱ्या आवाजाची वाट किती दिवस बघायची?

पण त्याआधी निदान गड तरी घ्यायचा होता. सहा दारं आम्ही लीलया पाडायचो. सातव्या दारातून आगीचा लोळ यायचा. तो सगळ्यांच्या अंगावरून जायचा, सगळे थोडेफार पोळायचे आणि पुढे सरकायचे. जळून खाक व्हायचा तो एकटा कोरडवाहू. ढालच पडली की मागोमाग आम्ही सगळे. कित्येक आठवडे हेच चाललं होतं, आणि त्या दुपारीही दोनदा झालं.

"दादा, तुम्ही झग्याखाली घालता तरी काय?" पावटा म्हणाला. पावटा म्हणजे कोल्हापुरात इंजिनिअरिंगला असलेलं एक आगाऊ पोरगं. "बनियनवर येता काय?"

"पावट्या, नियम," मी बजावलं.

"बघितलं कुठं ताई? विचारतोय."

"विचारायचं तर नीट विचार. टोमणे नकोत."

"बरं. दादा, बघू का?"

पडद्यावर ढाल एकदा खाली गेली, पुन्हा वर आली. मग कोरडवाहू म्हणाला, "नको."

"नको म्हणजे नको," निपाणीचे भालदार काका चहाचा घोट घेत म्हणाले. ते बँकेत होते आणि आमच्यात सगळ्यांत वडील. "नियम म्हणजे नियम. चला, आणखी एकदा मरून येऊ."

विचारायला मीही विचारू शकले असते. पण पावट्याला मिळालेला 'नको' मला मिळाला असता तर तो पचवायची माझी तयारी नव्हती.

तेवढ्यात आईची हाक आली. "शलाका! साडी कधी नेसणार आहेस? ते लोक जयसिंगपूर सोडून आलेत."

गड अर्धवट सोडून उठायची सोय नव्हती. प्रमुख बाहेर पडली की दारं पुन्हा पहिल्यापासून. मी इकडेतिकडे पाहिलं, तर आत्या दारात उभी राहून माझ्या दाराच्या पडद्याची झालर तपासत होती.

"आत्या, इथे बस. मी साडी नेसून आलेच. फक्त बसायचं. कशाला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतो हात?" आत्या खुर्चीत बसली. तिला कॉम्प्युटर परका नव्हता. पोराच्या कापडाच्या दुकानात ती बिलं करायची. मला तेव्हा हे आठवायला हवं होतं.

आतल्या खोलीत आईने तोंडात पिना धरून माझ्या निऱ्या घालायला घेतल्या. पहिली निरी बसते न बसते तोच माझ्या खोलीतून खणखणीत आवाज आला.

"हे कानाला काय लावायचं? आंबाड्यात अडकतंय." आणि मग वायर ओढल्याचा आवाज. त्यासरशी 'ताणाबाणा' पथक आमच्या घरभर बोलू लागलं.

"ताई?" हा पावटा. "ताई, तुम्ही मला न्याहाळताय?"

मी दाराकडे निघाले, पण आईने निऱ्या घट्ट धरल्या.

"ह्या पोरानं गळ्यात माळाच माळा घातल्यात आणि पायात काय न्हाई," आत्या म्हणाली. "आरं, काटा मोडंल की!"

"कोण बोलतंय?"

"मी तिची आत्या. तुझे जोडे कुठं हायत?"

"इकले," पावटा म्हणाला. इंजिनिअरिंगचं पोरगं, पण आत्याच्या आवाजापुढे सरळ शरण गेलं.

"मलाही ओळ आली बघा," भालदार काका म्हणाले. "मागवाली तुम्हाला न्याहाळत आहे. ज्यांनी नियम केला त्याच..."

"तुमचं सगळं झ्याक हाय. फकस्त कमरंचा पट्टा इजोड वाटतोय. बायकूला दाखवून घेतला न्हाईसा?"

"आई, सोड मला!" मी म्हटलं.

"पदर सुटेल, हलू नकोस," आई पिनांमधून म्हणाली. "खेळतायत ना त्या? खेळू देत."

दोन वर्षं जपलेला माझा नियम माझ्याच नावाने चिंध्या चिंध्या होत होता. आता उरलं होतं कोण? मी निऱ्या मुठीत धरून तशीच धावले. आई पदराचं टोक धरून मागे.

दारात पोचले तेव्हा आत्याने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला होता आणि ती पडद्याला नाक लावून बसली होती.

"आता ह्यो बघा," ती म्हणत होती. "टोपी लोखंडी, चिलखत लोखंडी, हातमोजे काय, जोडे काय, सगळं मापात. आणि खांद्यावर काय? सुती उपरणं! आगीत निघालाय आणि खांद्यावर सुती उपरणं!"

"आत्या, बंद कर ते," मी ओरडले.

"थांब गं, वाचू दे. 'वीण नवशिकी.' ते दिसतंयच. कड सरळ न्हाई, मधीच दाट, मधीच इरळ. 'विणकर मागवाली.'" ती मान वळवून माझ्याकडे बघू लागली. "मागवाली म्हंजे तूच न्हवं?"

मीच. माझं पहिलंवहिलं विणकाम. पावट्याने ते त्याच दिवशी मोडून त्याचं सूत विकलं होतं. भालदार काकांनी घोडा पुसायला घेतलं होतं, तसं त्यांनी मला स्वतःच सांगितलं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. त्या जागी घोरपडीच्या कातड्याची खांदेपट्टी घालतात, ती घातली की आगीचं काही चालत नाही. हे खेळात शेंबडं पोरही जाणतं.

"आणि रफू बघ रफू," आत्याचं चालूच होतं. "फाटलंय, रफू केलंय. परत फाटलंय, परत रफू. मूळ सूत किती उरलं असंल देव जाणे, नुसता रफूच राहिलाय. काय ओ पावणं, नवं मिळत न्हाई व्हय तुमच्याकडं?"



"मिळतंय की," कोरडवाहू म्हणाला.

"मग?"

"मिळतंय, पण ते नको."

आत्याने चष्मा काढला आणि पदराने पुसला. "माझा जलम कापडात गेला," ती हळूच म्हणाली, म्हणजे तिच्या मानाने हळू. "इटलेलं कापड माणूस टाकून देतो. टाकत न्हाई आणि रफू करत बसतो, तवा त्यो कापडासाठी करत नसतो. व्हय का न्हाई ओ पावणं?"

"व्हय," तो म्हणाला.

माझे कान तापले. मुठीतल्या निऱ्या सुटल्या. आई माझा पदर हातात धरून उभी होती, तिला त्यातलं गड-दार काही कळत नव्हतं, पण 'व्हय' तेवढं बरोबर कळलं.

मी वाकून माईकजवळ गेले. "तुम्ही सांगितलं का नाही?"

"प्रमुख, कसं सांगणार? तोंडानं जमायचं नाही. म्हटलं, कधीतरी बघतील, वाचतील. पण तुमचा नियम. तुम्ही एकदासुद्धा 'बघू का' म्हणाला नाहीत. दोन वर्षं झाली, मी रोज जळतोय."

"पावट्याला 'नको' म्हणालात."

"पावट्याला कशाला दाखवू?"

"च्यायला," पावटा म्हणाला, "म्हणजे ह्या फडक्यापायी आम्ही रोज मरत होतो?"

"गप रे," भालदार काकांनी त्याला दटावलं. त्यांचाही आवाज जरा ओला वाटला, पण तो चहाही असेल.

आत्या खुर्चीतून उठली आणि मला तिथे बसवलं. अर्धी साडी कमरेला, अर्धी आईच्या हातात, अशा अवतारात मी माझ्या पथकाची सूत्रं घेतली. पडद्यावर सातवं दार तसंच होतं. कोरडवाहूच्या लाल झग्याकडे मी पहिल्यांदाच नीट बघितलं.

"समाधान," मी म्हटलं. हे नाव मी तोंडाने कधी घेतलं नव्हतं. "ते उपरणं काढून ठेव."

"नाही काढणार. जळू दे."

"काढ म्हणते ना. नवीन विणून देते."

पलीकडे तो हसला. दोन वर्षांत त्याचं ते हसणं मी ऐकलं नव्हतं. मग म्हणाला, "जपून ठेवतो. पण टाकणार नाही हां."

सातवं दार इतकं सहज पडलं की पावट्याला त्याचा रागच आला. घोरपडीची खांदेपट्टी चढवलेल्या समाधानच्या अंगावरून आगीचा लोळ पाण्यासारखा निघून गेला आणि गडावर 'ताणाबाणा'चं निशाण चढलं. लुटीत काय मिळालं, मला आठवत नाही. समाधानने विचारलं, "प्रमुख, बार्शीहून इचलकरंजीला यायचं तर कसं ओ?" हे मात्र आठवतं, कारण त्याचं उत्तर मी द्यायच्या आत आत्यानेच दिलं.

"सांगलीला उतरायचं आणि हिकडची गाडी धरायची. आईबापाला घिऊन ये. यष्टीत खिडकीशी बसव त्यास्नी."

सांगलीचं नाव निघालं आणि आईने कपाळावर हात मारला. "अहो वन्सं, ते लोक कोपऱ्यावर आले असतील! त्यांना काय सांगायचं?"

"खरं सांगायचं," आत्या म्हणाली. "पोहं हायत न्हवं? पोहं खावा, च्या घ्या, पण पोरीला बघायचं न्हाई. तिला आधीच कुणीतरी बघून ठिवलंय. मी सांगतो त्यास्नी."

आणि तिने खरोखरच सांगितलं, बाहेरच्या ओट्यावर उभी राहून, हात जोडून. माणसं भली होती. अप्पांचा चेहरा मात्र बराच वेळ पडलेला होता. ते पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले होते आणि त्यांच्यासकट परतले, तोवर घरात जावई बदललेला. मुलगा बिचारा हसला, पोहे पुन्हा मागून घेतले, आणि जाताना मला म्हणाला, "कुठला गेम म्हणालात?"

पुढच्या रविवारी गरड कुटुंब बार्शीहून आलं. आत्या रेंदाळहून आदल्या दिवशीच येऊन बसली होती. मी सोप्याच्या, म्हणजे बाहेरच्या खोलीच्या, दारात उभी होते. आवाजाला चेहरा कसा असेल याचा मी दोन वर्षं विचार केला होता, आणि आता तो चेहरा पायऱ्या चढून येत होता. रंग उन्हाने रापलेला, कान जरा मोठे, हातात द्राक्षांची पेटी. माझ्याकडे बघायचं सोडून तो चौकटीकडे बघत होता, इतका लाजला होता.

मी पुढे व्हायच्या आत आत्या पुढे झाली. त्याच्या शर्टाची बाही तिने चिमटीत धरली आणि पेरांत चोळली.

"आत्या," तो अदबीने म्हणाला, "न विचारता बघायचं नाही, असा आमच्यात नियम आहे."

"ठाव हाय मला तुमचा नियम," आत्या म्हणाली. बाही सोडून तिने माझ्याकडे वळून मान डोलावली. "सुती हाय." मग पुन्हा त्याच्याकडे वळली. "इचारत बसलो असतो, तर तू अजून रफूच करत बसला असतास."